अक्षराला बारा रुपये

तासगाव स्टँडच्या मागं, बेदाण्याच्या गोदामांना लागून
माझं दुकान. पाटीवर अजून अब्बांचंच नाव:
दस्तगीर पेंटर.
त्याखाली मी नंतर चिकटवलं,
येथे रेडियम कटिंग करून मिळेल.

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं, हात येत होता.
बी म्हणजे दोन पोटं, एकावर एक, जेवून बसलेली.
के म्हणजे कुणाला तरी लाथ घालणारा.
एस काढताना ते श्वास धरायचे,
आणि बॉसमध्ये तो लागोपाठ दोनदा यायचा,
म्हणून बॉसचे पाच रुपये जास्त घ्यायचे.

माझ्याकडं मशीन आहे. श्वास धरावा लागत नाही.
सावळजचा पोरगा येतो, मिसरूड फुटायचंय,
त्याला बुलेटच्या टाकीवर किंग पाहिजे.
हप्ते किती राहिले विचारलं तर म्हणतो, बावीस.
एका माजी उपसरपंचांना 'माजी' बारीक हवं असतं,
'उप' त्याहून बारीक.
गोदामातले शेठ खोक्यांसाठी छाप नेतात: सुपिरियर.
आतला माल मणेराजुरीच्या बायकांनी निवडलेला,
एकेक देठ काढून, पाठ धरेपर्यंत.
त्या त्याला नुसतं 'मोठा' म्हणतात.
मग बारका. मग काळा.

आपल्याकडं काय शब्द कमी होते?
वट असते. रुबाब करतात.
दरारा तर माणूस घरी नसला तरी असतो.
पण वजन कुणी चिकटवून मागितलं नाही अजून.
वजन चिकटत नाही, ते पडतं.
इंग्रजी हलकं. काचेवर लगेच बसतं,
बुडबुडा धरत नाही.

परवा सोसायटीचे चेअरमन आले.
निकाल लागून आठ दिवस झालेले.
गाडी स्वतः चालवत आले, हे मला आधी दिसलं.
"तेवढं काढ," म्हणाले. कुठलं, ते बोलले नाहीत.
ड्रायरनं तापवलं, नखानं कड उचलली.
चे निघाला, अ निघाला,
र चिवट होता.
रॉकेल फिरवलं, फडकं मारलं.
पंधरा वर्षांच्या उन्हात सगळं दार विटलेलं,
फक्त शब्दाखालचा रंग कोरा,
शोरूममधून आत्ताच आल्यासारखा.
काढल्यावर चेअरमन लांबूनही वाचता यायला लागलं.
दोघं बघत उभे राहिलो.
"ह्याला काय करायचं?"
"गाडी उन्हात लावा," मी म्हटलं. "एक-दोन उन्हाळे."
पैसे घेतले. काढायचेही घेते मी.

शटर ओढताना द्रौपदीबाई कोळेकर आल्या,
घाटनांद्र्याकडच्या, शेवटच्या एसटीच्या घाईत.
त्या सरपंच आहेत.
'सरपंच' मात्र मालकांच्या जीपवर आहे,
मीच कापलंय, लाल, काळ्या बॉर्डरचं.
"पावर दे," म्हणाल्या.
मला हसू आलं. "जीपला?"
"न्हाई गं. पाण्याच्या मोटारीला.
रातचं एकला पावर येती, धोंडीबा चाचपत जातोय,
स्टार्टर घावत न्हाई.
मागल्या म्हयन्यात झटका बसला त्येला."

अंधारात चमकणारं कापलं, हिरवं.
दिवा मालवून दाखवलं:
टेबलावर पावर, आणि तिच्या उजेडात
त्यांचा अंगठा, कोयत्याचा जुना व्रण.
पा, व, र. छत्तीस रुपये.
कनवटीच्या पिशवीतून सुट्टे मोजून दिले.

"पावती दे, पंचायतीत लावायचीय."
"कुणाच्या नावानं?"
"सरपंच लिही."
पायरी उतरल्या, परत वळल्या.
"फुडं नाव पण लिही माझं."
लिहिलं. बॉलपेननं.
त्याचे काही घेत नाही.