शब्दकोशात जोडा

रबाळ्याच्या शाळेत, कंपनीच्या भिंतीला लागून असलेल्या वर्गात
लॅपटॉप आला तेव्हा
मी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला.
धूळ बसते, असं सांगायचे.
खरं म्हणजे भीती.
एकोणतीस वर्षं खडू धरलेल्या हाताला
कीबोर्डवर 'ज्ञ' सापडेना.

नौशीन मॅडम नव्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.
म्हणाल्या, घरतबाई, टाईप कशाला करता?
माईकच्या चित्रावर बोट ठेवा आणि बोला.
ते लिहितं.

मधल्या सुट्टीत दार लोटून घेतलं
आणि तोंडाला आलं ते बोलले, घणसोलीचं:
फला पुसून ठेव. मना पानी दे.
त्यानं लिहिलं:
फलाट पुसून ठेव. मनाई पाणी दे.

एकटीच हसले.
मग हसू कुठंतरी अडलं.
पहिलीत सबनीसबाईंनी पट्टी उभी धरून मारलं होतं,
डाव्या हाताच्या पेरांवर.
शाला नाही. शाळा.
चार दिवसांत मला ळ आला.
घरी म्हणाले, आई, डाळ वाढ.
पाहुण्याकडे बघावं तसं आईनं माझ्याकडे बघितलं.

असो. मी शुद्ध बोलायला लागले, ते शुद्ध लिहायला लागलं.
दोन तासांचं पाठटाचण वीस मिनिटांत.
खोटं कशाला बोलू, रविवार माझे मला परत मिळाले.
पुस्तकातल्या चौकटीवर मोबाईल धरला
की चंद्र भिंतीवर वाढायचा, भिंतीवरच सरायचा,
आणि पोरं अमावास्येलाही टाळ्या वाजवायची.

मग तो मंगळवार.
'माझं घर' असा विषय. पोरं सांगतील ते मी टाईप करायचं,
प्रोजेक्टर ते भिंतीवर हातभर मोठं करणार.
इंदल राठोड उठला. माझी याडी कंपनीत डबे पुसते.
याडीखाली लाल रेघ.
वर मी त्याचं नाव लिहिलं होतं,
त्याच्याखालीही.

बाई, माझं नाव चुकलंय का?

पलीकडचा कॉम्प्रेसर तेवढ्यात बंद पडला.
चाळीस पोरं भिंतीकडे बघत होती
आणि मला माझ्या हातात पट्टी दिसली,
जी नव्हती.

नौशीननं एकदा दाखवलं होतं, उजवं बटण दाबा.
दाबलं. एक यादी उघडली,
तिच्या तळाशी: शब्दकोशात जोडा.
जोडलं.
रेघ गेली. इंदल खाली बसला.

त्यानंतर रेशनच्या दुकानात लागते तशी रांग.
याडी. दुर्गव्वा. अलकुंटे.
भोईरांच्या पोरानं निवटी आणली,
आणि ती चिखलात कशी उड्या मारते
ते बाकावर चढून दाखवलं.
एकानं शिवी आणली. नाही म्हटलं.
पण बाई, आमच्याकडं रोजचा आहे हा शब्द!
दुर्गव्वा काहीच बोलली नाही,
भिंतीपाशी जाऊन
रेघ होती तिथं तिनं बोटानं पुसून बघितलं.

शाळा सुटल्यावर मी थांबले.
शाला, असं लिहिलं.
कुणी बघत नव्हतं, तरी पेरं आपोआप मिटली.
बऱ्याच वेळानं उजवं बटण दाबलं.

दिवाळीच्या सुट्टीत मशीन अडकलं.
महापेहून माणूस आला, सगळं पुसून नवं टाकून गेला.
डेटा काढून ठेवलाय ना बाई?
ठेवलाय, म्हटलं. टाचणं, निकाल, हजेरी,
पोषण आहाराचे तक्ते, सगळं पेनड्राईव्हवर.
एकतीस शब्द सोडून.
ते कुठं राहतात हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी भिंतीवर पुन्हा लाल रेघा.
मी इंदलकडे बघायचं टाळत होते.
तो मात्र शेजाऱ्याला समजावत होता,
जुन्या मुलानं नव्याबद्दल सांगावं तसं:

नवीन आलाय ना वर्गात.
त्याला अजून येत नाही.
शिकवायला लागंल.