ऐंशी मीटर

टेप पुरला नाही म्हणून खैरनारमामांनी पावलं मोजली.
जिन्यापासून जिन्यापर्यंत एकशे चौदा,
मध्ये त्र्यंबक रोड, दुभाजक, भजीची गाडी.
हवेतून ऐंशी मीटर.

सातपूरला आमची दोन ऑफिसं
एकमेकांना नुसती दिसायची.
बिलं या बाजूला, साठ्याचा हिशेब त्या बाजूला,
मध्ये मामा, दिवसातून चार फेऱ्या,
चष्म्याच्या डबीत पेन ड्राइव्ह.

गायधनी साहेब म्हणाले, स्वस्तातलं सांगा.

रस्त्याखालून फायबर टाकायची तर परवानगी,
ती सिंहस्थ उरकल्यावर बघू म्हणतात.
वरून केबल शेजारच्यांनी टाकली होती,
एक वीज कडाडली
आणि दोन्हीकडचे स्विच काळेठिक्कर.
इंटरनेटवरून जोडायचं
तर दरमहा भाडं, शिवाय
समोरच्या इमारतीत जायला मुंबईला वळसा.

उरले दोन रेडिओ, ताटलीएवढे,
दोन गच्च्यांवर, एकमेकांकडे तोंड करून.
जोडी सात हजार दोनशे.
घासाघीस करून सहा हजार आठशे.

पलीकडच्या गच्चीवर स्टोअरची शाहीन
कँटीनचं स्टीलचं ताट उन्हात धरून उभी.
ते जिथं चमकलं तिकडे मी नट फिरवत गेलो.
फोनवर : डावीकडे. अजून केसभर.
आता हलू नकोस, शिंकूसुद्धा नकोस.
उणे चौपन्न!
ज्यांना कळतं त्यांना कळेल
मी टाकीला टेकून एकटाच का हसलो.

मग लिंक पडायला लागली.
अकरा ते दोन, तीही एक दिवसाआड.
चॅनल बदलला, फर्मवेअर बदललं,
पासवर्ड उगाचच बदलला,
देव तेवढा बदलायचा राहिला.

मामा चहा घेऊन आले.
"आज पाण्याचा दिवस ना?
पलीकडच्या वॉचमनची बायको गोधड्या वाळत घालते,
तुमच्या ताटलीच्या पुढ्यात."

गेलो. चार ओल्या गोधड्या,
जुन्या लुगड्यांच्या, टाका न टाका भिजलेला.
म्हटलं, मावशी, इथून आमची लाइन जाते.
तिनं गोधडी बाजूला सारून
आभाळ इकडून तिकडे नीट पाहिलं.
"कुठंय? मला तर काही दिसंना."

दोरी पाण्याच्या टाकीमागे न्यायला ती तयार झाली,
पण तिकडे अंतर जास्त, जुनी पुरेना.

बिलात शेवटी लिहिलं :
नायलॉन दोरी, बारा मीटर.

साहेबांनी त्यावर लाल गोल केला.
"वायरलेस म्हणाला होतात ना?"