मिनिटाला चाळीस

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये एक खोली काळी रंगवलेली आहे.
तिथे पिवळ्या सोडियम दिव्याखाली
मी दिवसभर सपाटपणा बघते.

तळहाताएवढी रिंग, सिलिकॉन कार्बाइडची,
हिऱ्याच्या पुडीवर घासून घासून आरसा झालेली.
तिच्यावर काच ठेवली की पट्टे उमटतात,
नांगराच्या तासांसारखे.
सरळ आले तर पास,
वाकले तर परत घासायला.
एका केसाचे शंभर भाग करा,
त्यातल्या एकाएवढा उंचवटाही मला चालत नाही.
घरी पोळ्या वाकड्याच होतात, ते वेगळं.

हल्ली नवं आलंय. त्या आरशावर
लेसरने वळणदार चरी कोरतात,
डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला लागत नाहीत.
शाफ्ट फिरला की चरी पाणी आत ओढतात
आणि दोन रिंगा एकमेकींवरून फिरत राहतात
न टेकता.
गिराम मॅडम म्हणतात, सात वर्षं बघायला नको.
सेल्सवाला अजून थोडा पुढे जातो.

दादांना सांगितलं तेव्हा ते लसूण सोलत होते.
"न टेकता?"
एवढंच.

एकतीस वर्षं ते गोदाकाठच्या पंपहाऊसवर फिटर.
त्यांच्या वेळी शाफ्टभोवती ग्राफाइटची दोरी,
पाच वेढे, टोकं तिरपी कापलेली,
एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर कधी येऊ द्यायचा नाही.
मग ग्लँडचे नट, पाव पाव आटा, कान देऊन.
जास्त आवळलं की दोरी जळते,
सैल सोडलं की तोंडावर फवारा.
"गळलं पाहिजे," नव्या पोरांना ते सांगत,
"मिनिटाला चाळीस थेंब.
गळंना झाला की समज, आतून जळायलाय."
घड्याळ लागत नसे. थेंबाखाली तळहात धरायचे.
आणि गळतं पाणी वाया कशाला, म्हणून
खाली अर्ध्या कापलेल्या ग्रीसच्या डब्यात पुदिना.
तीन नंबरचा पुदिना, असंच म्हणायचो आम्ही घरी.
चटणीला जरासा लोखंडाचा वास.

गेल्या महिन्यात तीन नंबरला आमचं सील बसलं.
रिंग माझ्या हातची, नंबर अजून पाठ आहे.
दादांना मुद्दाम घेऊन गेले.
गेटवर नवा चौकीदार, ओळख पटवण्यात अर्धा तास गेला.
आतला आवाज तोच.
मुनीरभाई, त्यांचा जुना हेल्पर, आता सुपरवायझर,
मोबाइल दाखवत होता: सीलच्या पोटात सेन्सर बसवलाय,
ताप चढला तर रात्री मेसेज येतो.
दादांनी मोबाइलकडे बघितलं नाही.
वाकून तळहात धरला, जुन्याच जागी.
एक मिनिट. दोन.
तिसऱ्याला दुसरा हात गुडघ्यावर टेकला.
"कोरडा," ते म्हणाले.

हा शब्द आमच्याकडे कसा बोलतात, ठाऊक आहे.
बोअर कोरडा गेला, पोळा कोरडा गेला,
मान खाली घालून.
दादांनी मान वर करून म्हटला.
तसा मी तो कधी ऐकला नव्हता.

डब्यातल्या पुदिन्याच्या काड्या झालेल्या.
एका काडीला मुळाजवळ हिरवं होतं,
ती त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळली
आणि मुनीरभाईंना म्हणाले, "डबा राहू दे तिथंच."

परतताना, बिडकीनच्या पुढे, गाडीवर मागून ओरडून विचारलं,
"त्या दोघींच्या मधी असतं काय मग?"
पाणीच, म्हटलं.
"किती?"
दिसणार नाही इतकं.
"अन् ते जातं कुठं?"
थोडं थोडं वाफ होऊन बाहेर.

ट्रक गेला एक. धूळ बसेपर्यंत ते गप्प.
मग माझ्या खांद्याशी त्यांचं हसू लागलं,
"म्हंजे गळतंय की!
मग चालंल."