एकेचाळीस बाय एक

डब्यात लाल ऑइलपेंट, पत्र्यात कापलेले आकडे,
खिशात मनपाचं परिपत्रक, चार घड्या घातलेलं.
मी आणि वासनिक, अख्खा उन्हाळा हुडकेश्वर रोडच्या मागं,
जिथं शेतांचे लेआउट झाले
आणि नंबर ज्यानं त्यानं आपल्या मनानं टाकले.
एका गल्लीत सातनंतर बावीस,
बावीसनंतर 'गुरुकृपा',
त्यानंतर परत सात.

नियम तसे सोपे आहेत.
मोठ्या रस्त्याकडून आत चालत जायचं,
डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम.
रिकाम्या प्लॉटचाही आकडा राखून ठेवायचा,
तिथं आज नुसतं बेशरम माजलेलं असो
आणि त्यात बांधलेली एक म्हैस.
कोपऱ्यावरच्या घराचं दार जिकडं, नंबर तिकडचा.
जुना आकडा वर्षभर पुसायचा नाही;
त्याच्यावर बारीक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा,
म्हणजे पोस्टमन आणि पाहुणे हळूहळू शिकतात.
शुभ आकड्यासाठी अर्ज आला, तर नम्रपणे परत करायचा.
तेराचा मालक रोज येतो.
आम्ही रोज नम्र असतो.

आणि कलम नऊ:
स्वतंत्र क्रमांकासाठी स्वतंत्र प्रवेशद्वार आवश्यक.

एकेचाळीसमध्ये दोन चुली होत्या.
पुढं दीर, जाऊ, त्यांची स्कूटर, त्यांची नावाची पाटी.
मागं चंद्रकला धकाते, मेडिकलजवळच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी,
नवरा जाऊन सहा वर्षं झालेली.
तिचं बँकेचं पत्र यायचं ते पुढच्या दारातून,
फोडून, वाचून, कधीकधी चहाच्या डागासकट.

"बाई, दार एकच आहे," मी म्हटलं, "नंबर एकच बसते."
"दार असलं तं देसान?"
"असलं तं देऊ."
"कधी येता परत?"
"सोमवारी."

सोमवारी पाहतो तं मागच्या बोळाकडची भिंत फोडलेली.
त्याच विटांची पायरी,
आणि भंगारातून आणलेलं एक निळं दार,
कुठल्यातरी शाळेचं.
त्याच्या कपाळावर अजून पांढऱ्या अक्षरात:
वर्ग ५ वा, ब.

दीर ओरडून राहिला होता. हे काय दार हाये का,
याले कोणी दार म्हणते का,
याची परवानगी कोणाची.
वासनिकनं परिपत्रक उलगडलं,
मोठ्यानं वाचलं, मग परत एकदा वाचलं.
प्रवेशद्वार दिसायला कसं असावं,
ते त्यात कुठंच नव्हतं.

मी पत्रा भिंतीला टेकवला. चार. एक.
तिरप्या रेघेचा साचा आमच्याकडं नसतो,
ती हातानं मारावी लागते,
आणि माझा हात तेव्हा जरा हलला.
मग शेवटचा एक, त्याच्या पायातून रंगाचा एक ओघळ.
"आमचं अख्खं एकेचाळीस," जाऊ म्हणाली. "यायचं फुटकं."
सायकल भिंतीला लावता लावता चंद्रकलाबाईंची पोरगी बोलली,
मान वर न करता:
"काकू, एकेचाळीसले एकनं भागलं, तं एकेचाळीसच येते."
कोणी काही म्हटलं नाही.
म्हैससुद्धा नाही.

दिवाळीच्या आधी त्याच बोळातून गेलो, पुढच्या लेआउटकडं.
तिनं हाक मारली, थांबा म्हणाली,
आतून एक पाकीट घेऊन आली, पीठाच्या बोटांनी, अगदी कडेला धरून.
तिच्या नावानं आलेला पहिला कागद.
घरटॅक्सची मागणी, सहाशे चाळीस रुपये,
मुदतीत न भरल्यास दंड.
मी म्हटलं, नावात काही चुकलं असंल तं अर्ज करा,
फुकटात दुरुस्त होते.
"नाही जी, नाव बरोबर हाये."
मग पाकिटाची कड दाखवली,
जिथं तिनं स्वतः, उलथण्याच्या टोकानं, सरळ चिरलं होतं.
"बंद आलं होतं," ती म्हणाली.
"अख्खं बंद."