एकास दोन हजार

ऑगस्टात आला क्लॅरेन्स वॅगस्टाफ,
पाऊस नसतानाही रेनकोट घालून,
आणि काचेखालून सरकवली एक-एक पौंडाची दोन नाणी.
"हार्कस्टन टाउन. लीग."
एवढंच. कुणी पाणीपट्टी भरावी तसं.

चोवीस वर्षं मी या काचेमागे पैजा लिहितेय.
माझ्या हातून कुणी श्रीमंत झाल्याचं आठवत नाही.
यंत्रानं भाव दाखवला: एकास दोन हजार.
रांगेतून कुणीतरी म्हणालं,
"त्यापेक्षा कालव्यात टाक, डुबुक तरी वाजेल."
क्लॅरेन्स हसला.
तो बत्तीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात
टाचा विणत होता. फक्त टाचा.
कारखाना गेला, त्या जागी गाड्या लागतात,
क्लबला मात्र अजून मोजेवाले म्हणतात,
आणि परगावची पोरं भोकांवर गाणी रचतात.

मग काय झालं ते मला नीटसं सांगता येणार नाही.
किलवर्थ नावाचा पोरगा,
तीन वर्षांपूर्वीपर्यंत छपरं शाकारायचा,
तो गोल करत सुटला
कौल बसवावं तसा, न बघता,
एक बसेतो हात पुढच्याकडे.
गोलकीपर अडतिसाचा, त्याचे गुडघे
चिंध्या बांधलेल्या जुन्या नळासारखे,
पण नळ ठिबकेना.

आम्ही गुणतक्ता खालून वर वाचणारी माणसं.
नाताळात आम्ही सगळ्यांत वर होतो
आणि कुणी मोठ्यानं बोलेना.
तान्हं नुकतं झोपल्यावर
घर जसं चवड्यांवर चालतं,
तसं गाव चालत होतं.
बेकरीतला ओसेई पाव बांधताना नुसत्या भुवया उडवायचा.
आपण मान हलवायची.
दृष्ट लागू नये म्हणून
पाद्रीबाईसुद्धा प्रार्थनेत नाव घेत नव्हत्या.

फेब्रुवारीत क्लॅरेन्स आला,
पहिल्यांदाच बिनरेनकोटाचा.
"बॉयलर गेला," म्हणाला.
"म्यूरियल दोन गाऊन आणि वरून माझा रेनकोट घालून झोपते.
आत्ता मोडली तर काय देता?"
यंत्रानं आकडा दाखवला: सहाशे चाळीस.
मेपर्यंत धरली असती तर चार हजार.
थांबा, असं सांगायची आम्हांला मनाई आहे.
मी नोटा दोनदा मोजल्या.
तेवढंच माझ्या हाती होतं.

आणि मे.
आमचा सामनाही नव्हता त्या सोमवारी.
दुसऱ्या नंबरचे कुठेतरी दक्षिणेत खेळत होते,
त्यांना जिंकायलाच हवं होतं,
आणि सगळं हार्कस्टन पबच्या खिडक्यांना नाक लावून उभं,
दुसऱ्यांच्या सामन्याकडे बघत.
एक-एक. एक-एक. अजून एक-एक.
मग शिट्टी.

मी आजवर माणसं ओरडताना ऐकली आहेत, हरून, जिंकून.
हा आवाज तसा नव्हता.
आधी काहीच नाही,
मग कुणाच्या तरी हातून ग्लास पडला,
मग सगळंच.
कसायाची बायको माझ्या गळ्यात पडून रडली,
जिच्याशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते.
कारण आठवेना दोघींनाही.

त्या गर्दीत क्लॅरेन्स दिसला,
घरातल्या सपातांत, शर्टाच्या बाह्या वर,
गाल लाल: गरम घरातून आलेला माणूस.
कुणीतरी ओरडलं, "चार हजार, क्लॅरेन्स! चार हजार!"
तो म्हणाला, "बॉयलर मस्त चाललाय."
आणि बोलता बोलता त्याचं तोंड वाकडं झालं,
हसण्यानं की कशानं, मी बघितलं नाही. वळले.

परवा पुन्हा ऑगस्ट.
रेनकोट. दोन नाणी.
"टाउन. लीग."
यंत्र म्हणालं: एकास चौदा.
क्लॅरेन्स बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला,
मंडईत भाजी महागल्यावर बघावं तसा.
"जुन्या भावानं नाही का लावता येत?"
"नाही हो."
"आम्ही तर तेच आहोत."

मागे रांग खाकरायला लागली.
मी पावती छापली, उलटी केली,
आणि पेनानं मागे लिहिलं: एकास दोन हजार.
शिक्का नाही, किंमत नाही.
त्यानं ती चष्मा काढून वाचली,
चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवली,
आणि नाणी पुढे सरकवून म्हणाला,
"या वर्षी काही खरं नाही बघा."