पेव

हिप्पोकॅम्पस, म्हणे, समुद्रघोड्यासारखा.
समुद्र मी एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला.
तिथला घोडा दहा रुपयांत फेरी मारायचा.

अमिग्डला बदामाएवढा. इथे भीती.
कपाळामागे विचार, पार मागे नजर,
डाव्या कानाच्या वर बोलणं.
उद्या पेपर. हे सगळं पाठ आहे.

पाठ नाही तो सांगलीवाडीच्या शाळेतला
मुजावरांचा झैद.
घराचं चित्र काढतो आणि
सगळ्यांच्या गळ्यावरून निळी रेघ ओढतो,
शेळीच्या मात्र डोक्यावरून.
"हे काय रे?" मी विचारलं.
त्याने खडू खोक्यात ठेवला.
झाकण लावलं.

रात्री बाबांना फोन केला.
हरिपुरात, पुरानं बुजायच्या आधी,
हळदीच्या पेवांत उतरायचे ते.
म्हणाले, झाकण निघालं म्हणून
लगेच उतरू नये, पोरी.
आत कोंडलेली हवा असते.
दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर काठावर बसायचं
तंबाखू मळत.

"किती वेळ?"
"हळदीला कुठं घाई असते."

सोमवारी जाईन.
शेळीचं नाव विचारीन.
नाही सांगितलं, तर
माझाही एक खडू घेऊन
शेजारी बसेन.