समजा, टी

काळाचौकीच्या म्युनिसिपल शाळेत, रात्री साडेआठच्या वर्गात
पेडामकर सर फळ्यावर गणित लिहायचे
आणि लगेच सोडवायचे नाहीत.
खडू कानामागे खोचून बघत राहायचे,
समोरच्या घरात कुणी जागं आहे का
बघावं तसे.

दोन एक्स, कोसाइन एक्स वर्ग, डीएक्स.
"अंगावर धावून जाऊ नका," म्हणायचे.
"आत कोण बसलंय ते आधी बघा.
कोसाइनच्या पोटात एक्स वर्ग.
त्याचं विकलन करा. काय आलं? दोन एक्स.
आणि ते कुठंय?
बाहेरच उभं आहे की, दारात!
म्हणून हे सुटणार.
समजा, एक्स वर्ग बरोबर टी."

समजा. म्हणजे, मानून चला.
मला ते नेहमी
कळून घ्या, असं ऐकू यायचं.

त्या वर्षी आई परळच्या हॉस्पिटलात
बदली आया होती.
रत्नप्रभा खडपेचा पाय मोडला होता,
तिच्या जागेवर आई.
तिचाच लॉकर, तिचाच कोट,
चहाचा कपही तिचाच, कान तुटलेला.
म्हातारे पेशंट नव्या नावाच्या भानगडीत पडत नसत.
"रत्ना, भांडं दे गं," म्हणत,
आणि आई भांडं देई.
कोट ढगळ होता,
बाह्या आत दुमडून तिने धावदोरा घातला होता.

वर्ग सुटला की मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर,
मांडीवर वही, शेजारी तिचा डबा.
दार ढकललं गेलं की फिनेलचा वास यायचा
आणि क्षणभर ती दिसायची, पाठमोरी.
बाहेर उभं आहे ते आतल्याचंच असतं,
असं मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं
आणि खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

"टी मानलात ना? मग डीएक्सही बदला.
अर्धी पोरं इथेच मरतात."
आमच्याकडे ते आधीच झालं होतं.
पाणी भरायचं माझ्याकडे आलं,
भाकऱ्या दुपारी होऊ लागल्या,
धाकटा हेरंब दिवसा झोपलेल्या आईशेजारी
आवाज न करता गोट्या खेळायला शिकला.

अकरा महिन्यांनी, एका सोमवारी
रत्नप्रभा आली. काठीशिवाय.

सर त्याच आठवड्यात ओरडले होते माझ्यावर,
"प्रश्न एक्समध्ये विचारलाय,
उत्तर टीमध्ये काय देतेस?
परत एक्स घाल.
तपासणाऱ्याला तुझा टी ठाऊक नाही."

त्या रात्री आई खाली बसून
ब्लेडने बाहीचे टाके उसवत होती.
मी चाचणीचा पेपर दाखवला.
"अर्धा मार्क कशाला कापला?"
"शेवटी अधिक सी लिहायचं राहिलं."
"ते काय असतं?"
"आधी काहीतरी असतं, आकडा.
विकलन केलं की पुसलं जातं. किती होतं ते
उलट जाऊन कळत नाही.
पण होतं, म्हणून लिहायचं."

"मग लिहायचंस की," आई म्हणाली,
आणि बाही झटकून दिव्याकडे धरली.
दुमड गेली होती. रेघ राहिली होती,
कोटाच्या पांढऱ्याहून जरा जास्त पांढरी.
तिने नखाने दोनदा घासून पाहिली.
मग कोट घडी करून
पिशवीत ठेवला, रत्नप्रभाचा.